रबरबँड आणि सरकता कीबोर्ड

फार जुनी नाही, नव्या मोबाइलला आधी प्लॅस्टिकची पिशवी घालायचे तेव्हाची गोष्ट. शेजारच्या कुमुदिनीताईंच्या मोबाइलला पोटातून सरकत बाहेर येणारा कीबोर्ड होता. पण ताईंनी पिशवीवर घट्ट रबरबँड चढवला, मग तो बिचारा बाहेर येणार कसा?

"जरा सैल हो की रे," कीबोर्ड म्हणाला. "ताईंच्या लेकीचे बाळंतपणाचे दिवस भरलेत. त्यांना तिची खुशाली विचारायचीय."

"तुझी बटणं झिजली तर बोल मला लागेल," रबरबँड म्हणाला.

"झिजायलाच आलोय रे बाबा मी."

ताईंनी बोट लावताच रबरबँड आपणहून घसरला.

वर्षभरात बटणांवरची अक्षरं पुसली गेली. ताई न बघताच लेकीला लिहायच्या, "बाळानं वरणभात खाल्ला का?"