वाजवून घ्या

एकदा एका तरण्या कुंभाराचा अंगठा रुसून बसला. गेनू त्याचं नाव. हात मोठा सुरेख, पण गिऱ्हाइकानं मडकं वाजवून बघितलं की याचं तोंड वाकडं. मातीतला बाभळीचा काटा घुसला आन् आठ दिवसांत अंगठा असा फुगला, की वांग्यानं लाजावं. अंगठ्याशिवाय चाकावर मडकं उभं राहणार कसं?

दवाखान्याचं नाव काढलं की गेनू भडकायचा. गेल्या साली त्याचा सासरा साधा ताप घेऊन मोठ्या दवाखान्यात शिरला. डोक्यापासून नखापर्यंत तपासण्या झाल्या आन् बिल बघून ताप आपोआप उतरला. दोन्ही म्हशी त्यातच गेल्या. "सगळे डॉक्टर चोर!" म्हणत गेनू अंगठ्याला हळद बांधायचा.

त्याला काम शिकवणारे लिंबाजीआबा एक नंबरचे खोडकर. त्यांनी अंगठा हुंगला, नाक मुरडलं. "चल, तालुक्याला मडकं घेऊन येऊ."

"कुंभारानं मडकं विकत घ्यायचं?"

"चल तर!"

एसटीतून उतरून आबा शिरले ते थेट काचेच्या दवाखान्यात. डॉक्टरनं लांबूनच बघितलं. "ॲडमिट करा. सगळ्या टेस्ट लिहिल्यात."

"साहेब, एवढ्या कशाला?" आबांनी विचारलं.

"डॉक्टर तुम्ही का मी?"

आबांनी टेबलावर टिचकी मारली, कान लावला आन् म्हणाले, "बद्द!" गेनूला ओढतच बाहेर आणलं.

"बघितलंत? सांगत होतो ना, सगळे चोर!"

"एकच तर वाजवलं, गड्या."

पुढच्या गल्लीत एका डॉक्टरबाईंचा लहान दवाखाना होता. बाईंनी अंगठा हातात घेतला, दाबून बघितला. एक एक्स-रे आन् साखरेची तपासणी लिहिली.

"बाई, कशाला?" आबांनी इथंही विचारलं.

बाईंनी कागद ओढून त्यावर अंगठा काढला. "पू इथं आहे. हाडापर्यंत गेलाय का, ते फोटोत दिसेल. साखर असली तर जखम लवकर भरत नाही. आज चिरा दिला तर अंगठा वाचेल. आठवड्यानं आलात तर सांगता येत नाही."

पुन्हा टिचकी. "टण्ण!" आबा एवढ्यानं ओरडले, की कंपाउंडर धावत आला.

"आबा, काय चाललंय तुमचं?" गेनू कुजबुजला.

"लेका, तडा डोळ्याला दिसत न्हाई, आवाजात कळतो. म्हणून माणूस काय मडकं सोडून ओंजळीत पाणी साठवतो? तो वाजवतो आन् चांगलं मडकं घरी नेतो. 'कशाला' ही आपली टिचकी. पक्क्याला ती लागत न्हाई. तडकलेलं तेवढं चिडतं."

गेनू बाईंकडं वळला, "द्या चिरा." मग त्यानं अंगठा पुढं केला.

उन्हाळ्यात त्याच बाई गेनूकडं माठ घ्यायला आल्या. एक उचलला आन् निघाल्या.

"थांबा, बाई," गेनूनं माठ परत घेऊन त्यांच्यापुढं तळहातावर धरला. "वाजवल्याबिगर न्यायचा न्हाई."

बाई हसल्या, बोट पुढं केलं. टिचकी लागायच्या आधीच चाकामागून आबा ओरडले, "टण्ण!"