ट्वीटरची शेवटची जोडी

“पण अठरा वॉटांच्या अँप्लिफायरनं साठ वॉटांचा स्पीकर जळतोच कसा?”

दस्तगीर मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. बशी पुसली. कप तिच्यावर पालथा घातला.

“जळला ना?”

“जळला. पण जळायला नको होता.”

“मग त्याला तसं सांगा.”

प्रश्न विचारणारे मुकुंद घारपुरे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. फळ्यावर काढलेला स्पीकर कधी जळत नाही, त्यामुळे वीस वर्षांत त्यांच्या आत्मविश्वासाला धक्का म्हणून लागला नव्हता. दस्तगीर मिस्त्रींचे सोलापुरात, कापडदुकानांमागच्या बोळात, दहा बाय आठचे दुकान होते. तिथे येणारी प्रत्येक वस्तू जळूनच येई. अशी पंचेचाळीस वर्षे गेल्यावर माणसाजवळ आत्मविश्वास फारसा उरत नाही. थोडे ज्ञान तेवढे उरते.

बाकावर दोन स्पीकर उभे होते. अर्ध्या शतकापूर्वीचे, शिसवी रंगाचे, एकेकाचे वजन वीस किलो.

ते नाना धोपेश्वरकरांचे. नाना आज चारच्या गाडीने मुलीकडे हैदराबादला निघाले होते, परत न येण्याच्या बोलीने. मुलीच्या फ्लॅटमध्ये नानांना जागा होती, स्पीकरना नव्हती. नानांनी ते घारपुरे सरांना देऊन टाकले आणि एकच मागणे मागितले. अकरा वर्षे मुके आहेत, मी जायच्या आत एकदा नीट वाजवून दाखव.

सर म्हणाले होते, त्यात काय.

त्यात एवढेच, की दोन महिन्यांत सरांनी दोनदा ट्वीटर जाळले. ट्वीटर म्हणजे पेटीच्या वरच्या भागात बसणारी लहानशी वाटी. बारीक, टोकदार आवाज तिच्यातून येतात. पहिली जोडी गेली ती पेट्यांसोबतची. दुसरी मिस्त्रींनी भंगारातून उचलून जपून ठेवलेली. आता टेबलावर तिसरी होती, तीही भंगारातलीच. चौथी दोघांनी पुण्यापर्यंत शोधली. कुठे नव्हती.

दुकानातल्या घड्याळात पावणेदोन झाले होते. नाना अडीचला येणार होते, सामानासकट.

सरांनी एक पेटी फिरवली. पाठीवरच्या पत्र्यावर आकडा कोरलेला होता.

“हे बघा. साठ. माझा अँप अठरा. म्हणजे तिपटीहून जास्त सुरक्षित. गणित चुकलंय कुठं?”

“गणित बरोबर आहे.”

“मग?”

“व्हॉल्यूमचं बटण कुठवर फिरवलं होतं?”

सरांनी पत्र्यावरचे बोट मागे घेतले.

“...शेवटपर्यंत.”

“का ओ?”

“आवाजच निघेना, मिस्त्री. जड पेट्या आहेत. हलायलाच तयार नाहीत.”

“मग निघाला?”

“निघाला. फाटका निघाला. आणि मग...”

“मग वास आला.”

वास आला होता.

मिस्त्री उठले. खालच्या फळीवरून त्यांनी एक ट्रान्सफॉर्मर ओढला. सात किलोंचा लोखंडी ठोकळा. तो सरांपुढे ठेवला.

“डाव्या हातात धरा. हात सरळ पुढं.”

“कशाला?”

“वर्गात पोरं असं विचारली तर काय करता?”

सरांनी धरला. पॉलिटेक्निकच्या अब्रूचा प्रश्न होता.

“आता उजव्या हातानं ह्या तारेला डाग द्या.”

एका ट्वीटरची तार मिस्त्रींनी आधीच जोडून ठेवली होती. दुसऱ्याची राहिली होती. केसाएवढी तार. सोल्डरिंगची सळई तापून तयार होती.

सरांनी ती उचलली. टोक तारेकडे नेले. टोक तारेच्या अलीकडे गेले, मग पलीकडे, मग एकदम खाली. टेकायच्या आत सरांनीच हात मागे घेतला.

“तुटेल ही.”

“का?”

“हात कापतोय.”

“कुठला?”

सरांनी दोन्हीकडे पाहिले.

“...दोन्ही.”

“वजन तर डाव्या हातात आहे.”

सर ट्रान्सफॉर्मरकडे बघत राहिले. मग उजव्या हाताकडे. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी बहुधा एकही उत्तरपत्रिका पाहिली नसेल.

“ठेवा खाली. आता द्या.”

डाग एका दमात बसला. चकचकीत, मोहरीच्या दाण्याएवढा.

मिस्त्रींनी दोन्ही ट्वीटर पेट्यांत बसवले, स्क्रू आवळले. मग कोपऱ्यातली चादर बाजूला केली आणि खालून एक अँप्लिफायर ओढून काढला. ओढताना फरशीवर पांढरी रेघ उठली.

“हा किती?”

“एकशेवीस. एका बाजूला.”

सर ताडकन उठले. मागे स्टूल पडले.

“मिस्त्री, हे स्पीकर साठचे आहेत.”

“पत्रा आत्ताच दाखवलात की.”

“अठरानं जळला तो. एकशेवीसनं राख करायचीय का?”

“अठरानं जळला ना? मग अँप लहान म्हणून गरीब, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ही जोडी गेली तर पुढं काही नाही.”

“नाही.”

“नाना तसेच गाडीत बसतील.”

“बसतील.”

मिस्त्रींनी सरांचा अठरा वॉटांचा अँप टेबलावर ठेवला. शेजारी स्वतःचा. स्पीकरच्या तारा उचलून सरांच्या हातात दिल्या.

“जोडा. कुठल्याला, ते तुम्ही ठरवा.”

सर तारा धरून उभे राहिले. वीस वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार मुलांना परीक्षेला बसवले होते. स्वतः बसण्याची सवय मोडली होती.

बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

नाना काठी टेकत आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गळ्यात मफलर, काखेत एक जुनी तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाकीच्या तबकड्या वाटून टाकल्या होत्या. ही राहिली होती.

“दस्तगीर, अजून हेच धंदे? मला वाटलं सुधारला असशील.”

“तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असल्यावर कसा सुधारू, नानासाहेब. बसा.”

नाना बसले. त्यांनी दोन्ही पेट्यांवरून हात फिरवला, मग सरांकडे पाहिले.

“मुकुंदा, वाजतात का रे?”

सरांच्या हातात तारा होत्या. त्यांनी आपल्या अँपकडे पाहिले, वजनाखाली कापणाऱ्या हाताकडे पाहावे तसे. मग बोटे एकदा उघडून मिटली, डावी आणि उजवी.

ते मिस्त्रींच्या अँपकडे वळले आणि तारा जोडल्या.

“बघू या, नाना,” ते म्हणाले. ‘त्यात काय’ म्हणाले नाहीत.

मिस्त्रींनी तबकडी पुसून प्लेअरवर चढवली. सुई ठेवली. बटण जागचे हलले न हलले एवढेच फिरवले.

आधी नुसती खरखर.

सरांनी श्वास रोखला. नाक मात्र उघडे ठेवले, वासासाठी.

मग तानपुरा.

तो पेट्यांतून आला असे वाटलेच नाही. भिंती मागे सरकल्या, दहा बाय आठचे दुकान कुठल्या कुठे गेले, आणि समोर कुणीतरी ऐसपैस बैठक मारून बसले. तबल्याचा पहिला ठेका पडला तो थेट पोटात. समोरच्या दुकानदाराचा कापड मोजणारा हात गजावरच थांबला. मग बाई गायला लागल्या. ठुमरी होती. आवाज अगदी बेताचा. पण शब्द ओठांवरून सुटताना दिसावा इतका जवळ.

सर हसू लागले, कारण नसताना, पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोरासारखे.

नानांनी हात वर केला.

“ऐकलंस?”

“काय, नाना?”

“ओळ संपली आणि तिनं श्वास घेतला... हा बघ. परत घेतला.” त्यांचा हात तसाच वर राहिला. “पहिल्या दिवसांत ऐकू यायचा हा. मग कधी नाहीसा झाला, कळलंही नाही. मी म्हटलं, आपलेच कान गेले.”

वास येत नव्हता. बाईंनी पुन्हा श्वास घेतला आणि तिघांनीही तो ऐकला.

सरांना आता राहवेना.

“नाना, हे काहीच नाही. अजून केवढी ताकद आहे यात. थांबा, खरी मजा आता दाखवतो.”

त्यांचा हात बटणाकडे गेला.

मिस्त्रींचा त्याआधी पोचला. त्यांनी बटण दांड्यावरून उपटले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

सर उघड्या दांड्याकडे बघत राहिले.

“उस्ताद...”

त्या दुकानात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. निघाला तोही कुजबुजत.

“हं.”

“आत्ता किती वॉट जातायत?”

“दोन. फार तर अडीच.”

“एकशेवीसातले?”

“एकशेवीसातले.”

“मग बाकीचे एवढे वॉट करतायत काय?”

मिस्त्रींनी पडलेले स्टूल उचलून सरळ केले आणि सरांच्या मागे सरकवले.

“गप्प बसलेत. बसा तुम्हीपण.”