पंचमीचे साधे पुरण

एकदा एक नागपंचमी अशी आली, की सकाळपासून झाडाचे पानसुद्धा हलेना. आभाळ कौलांवर येऊन टेकले होते. पाऊस येतो येतो म्हणे आणि येत नव्हता. अशा दिवशी माणूस काम न करताच दमतो, मग चुलीपुढच्या माणसाचे काय सांगावे!

चुलीपुढे होता एक शिष्य. गावाच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ राहत. सारे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्यापाशी चार शहाणपणाच्या गोष्टी शिकाव्यात म्हणून हा आला होता, आणि स्वयंपाकही तोच पाही. त्या दुपारी शेजारचे व्यापारी जेवायला यायचे होते. वैशाखात त्यांची पत्नी वारली. दुःखाच्या घरी वर्षभर सणाचे गोड शिजत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलावून तोंड गोड करायचे, अशी रीत. बेंदराला, म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणाला, दोन घरांनी बोलावलेही. दोन्हीकडे ते भरल्या ताटावरून उठले, आणि त्यानंतर कुणाच्या उंबऱ्याला गेले नाहीत. चहा आणि फुटाण्यांवर दिवस काढत. सदरा खांद्यावरून घसरू लागला होता. शिष्याने फार विनवले तेव्हा कुठे हो म्हणाले. आपल्या घरून तरी हा माणूस उपाशी उठू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

पंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. म्हणून कणकेच्या पारीत पुरण ठेवून घडी मिटायची आणि दिंडे वाफेवर उकडायची. आज चिरता येणार नाही, हे धरून शिष्याने बदाम-पिस्ते कालच कापून ठेवले होते. पहाटे उठून त्याने खवा परतला, केशर खलले. वाडगाभर सारण झाले तेव्हा त्याची पाठ धरली होती.

बाबा काठी टेकत आत आले. वाडग्यात डोकावले.

"कुणाचं लग्न काढलंस रे?"

"दिंडांचं सारण आहे, बाबा. शेजारच्या काकांसाठी."

"आणि त्या पातेल्यात काय शिजतंय?"

"हरभऱ्याची डाळ. आमटीला."

"तिच्यातच गूळ घाल, चिमूटभर सुंठ घाल, आणि पुरण वाट. हा वाडगा देवळापुढच्या पोरांना देऊन ये."

शिष्याचा चेहरा उतरला. "बाबा, डाळ-गूळ कुणीही घालतं. बाई गेल्यावर पहिल्यांदा पंचमी आलीय त्यांची!"

"म्हणूनच म्हणतो. आणि हे बघ, वाढताना आग्रह करायचा नाही. एकदासुद्धा नाही."

गुरूची आज्ञा. शिष्याने वाडगा देवळापुढे नेऊन दिला, पण मनाविरुद्ध. पोरांनी सारण फस्त केले तेही त्याला पाहवले नाही.

दुपारी व्यापारी आले. पाटावर बसले, ते ओझे उतरवून बसावे तसे. शिष्याने दोन दिंडे वाढली, वर तूप सोडले आणि ओठ मिटून बाजूला झाला. बाबा आपल्या ताटात पाहत कौले गळतात, यंदा शाकारणी राहून गेली, असले काही सांगत होते. पाहुण्याने हूं केले तर ठीक, नाही केले तरी ठीक. एक दिंड संपले. दुसरे मोडता मोडता व्यापारी थांबले.

"सुंठ घातलीय," व्यापारी म्हणाले.

"घातलीय," बाबा म्हणाले.

"आमची हीही घालायची."

व्यापाऱ्यांनी दुसरे दिंडही संपवले. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच ताट थोडे पुढे सरकवले. शिष्याने तिसरे दिंड वाढले. जेवण झाले, हात धुतले, आणि छान झाले म्हणण्याचेही त्यांना सुचले नाही; तसेच गेले.

भांडी आवरताना शिष्याने विचारले, "बाबा, माझ्या सारणात काय खोट होती?"

बाबा भिंतीला टेकले होते. डोळे मिटूनच बोलले, "खोट कसली? पण बाळा, केशर-बदामाचा घास तोंडात गेला की पाहुण्याला वाहवा म्हणावं लागतं. तोंड हसरं करावं लागतं. वाढणारा तिथं वाट बघत उभा असतो ना! दुःखानं दमलेल्या माणसाला घास गिळता येतो रे, खूश झाल्याचं दाखवणं झेपत नाही. त्या दोन घरांतून तो त्याच धास्तीनं उठला. डाळ-गूळ काही मागत नाही. गप्प बसून खाल्लं तरी त्याला चालतं."

शिष्याने हातातले पातेले पालथे घातले. पाहुण्याच्या भुकेशेजारी आपण सकाळपासून स्वतःचे कौतुकही मांडून ठेवले होते, हे त्याला आता दिसले. दमलेल्याला वाढावे, तर ताटाभोवती आपली अपेक्षा रांगोळीसारखी घालू नये.

संध्याकाळी तो अंगणात पाणी शिंपडत होता. कुंपणापलीकडे व्यापारी उभे होते. कुंपणावर हात टेकून म्हणाले, "आज तवा ठेवायचा नाही म्हणून, उद्या सकाळी भाकऱ्या थापून बघणार आहे. वाकड्यातिकड्या का होईना, जमल्या तर घेऊन येतो. तू नुसतं वरण कर."