लाखेचा शिक्का

एका डोंगराळ संस्थानात अंताजी पांचाळ नावाचा बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री होता. हात कसबी, पण मन संशयी. दुकानाला कुलूप लावल्यावर तो ते ओढून पाही, चार पावले जाई आणि परत येऊन पुन्हा ओढी. बायकोने चहात साखर कमी घातली, तर चहा पिण्याआधी विचारी, "उरलेली कुणाला दिलीस?"

त्या वर्षी खोऱ्यातला एक वाघ माणसांवर उठला. राजेसाहेबांनी परदेशी रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण मागवली. दुर्बीण बसवायचे काम अंताजीकडे आले आणि वाघ मारायचे काम येसबा या जुन्या शिकाऱ्याकडे.

अंताजीने दुर्बिणीची पोलादी बैठक रायफलवर ठेवली. आता ती स्क्रूंनी आवळायची, एवढेच उरले होते. पण त्याच्या मनात आले, मागाहून कुणी स्क्रू सैल करून माझे नाव बद्दू केले तर? म्हणून त्याने भोकांत वितळलेली लाख ओतली, तिच्यात स्क्रू पिळले आणि त्यांच्या माथ्यांवरही लाखेचे थेंब टाकून आपल्या अंगठीचा शिक्का उठवला. पहाटेच्या गारव्यात गोळ्या झाडून पाहिल्या. नेम अचूक बसला.

शिक्के पाहून येसबा हसला. "मिस्त्री, ही रायफल हाय का खजिन्याची पेटी?"

"ज्याच्या मनात चोर, त्यालाच शिक्का खुपतो," अंताजी म्हणाला.

हाका झाला, लोकांनी डबे बडवून रान उठवले. भर दुपारी वाघ झाडीतून बाहेर आला. येसबाने सावकाश नेम धरला. गोळी वाघाच्या हातभर बाजूला खडकावर आदळली. दुसरीही तशीच गेली. वाघ निसटला.

दिवे लागायच्या वेळी रायफल अंताजीपुढे आली. त्याने बैठक हलवून पाहिली, ती घट्ट होती. मग त्याची नजर शिक्क्यांवर गेली. लाख पसरली होती, अक्षरे पुसट झाली होती. त्याला हवे ते सापडले.

"दिवटी धरून लाख वितळवलीस," तो राजेसाहेबांसमोर येसबाला म्हणाला. "दुर्बीण फिरवलीस आणि पुन्हा बसवलीस. वाघ जगला, तर तुझी चाकरी जगते!"

"मी आजवर पेचकस हातात धरला न्हाई, मिस्त्री," येसबा म्हणाला. हे साधे उत्तरही अंताजीला संशयास्पद वाटले.

राजेसाहेबांच्याही मनात पाल चुकचुकली. येसबाला घरी बसवले. चौकशी सुरू झाली. खोऱ्यातले लोक विचारीत, "शिकार कधी?" उत्तर मिळे, "आधी चोर सापडू दे." चोर सापडायच्या आधी वाघाने गवत कापायला गेलेल्या पारूला नेले.

आता चोराला रंगेहाथ पकडायचे, असे अंताजीने ठरवले. त्याने नवे शिक्के उठवले, रायफल अंगणात बाजेवर ठेवली आणि स्वतः दाराआड लपला. चैत्रातले ऊन चढत गेले. कुणी आले नाही. एक कोंबडी येऊन गेली, तिच्यावरही त्याने नजर ठेवली. शेवटी कंटाळून तो बाजेपाशी गेला. पोलाद चटके देत होते. शिक्के पुसट झाले होते. त्याने बैठकीला बोट लावले, तर ती हलली.

स्क्रूंनी पोलाद धरलेच नव्हते. ते लाखेत उभे होते. उन्हात लाख मऊ पडे, दुर्बीण सरके, आणि गारव्यात लाख पुन्हा दगडासारखी होई.

लाख खरवडून, स्क्रू नीट आवळून त्याला गप्प बसता आले असते. येसबा तर बदनाम झालाच होता. पण अंताजी रायफल होती तशीच घेऊन राजवाड्यात गेला.

"सरकार, लाख मीच ओतली होती. येसबाचा हात चुकला नाही. माझा चुकला."

राजेसाहेबांनी लगेच येसबाला बोलावणे धाडले. भोके साफ झाली, स्क्रू पोलादात बसले आणि या खेपेला नेम भर उन्हात तपासला. पुढच्या हाक्यात पहिल्याच गोळीला वाघ पडला.

गावात ढोल वाजू लागले. येसबाने अंताजीला हाक मारली, "या मिस्त्री, माझ्यावर डोळा ठिवायला तरी जवळ बसा!" लोक हसले. अंताजीला हसू आले नाही. पारूचा नवरा भिवा गर्दीपासून बाजूला उभा होता. अंताजी त्याच्याकडे गेला आणि त्याने हात जोडले.

भिवाच हळू आवाजात म्हणाला, "समद्यांवर संशय घेतलासा, मिस्त्री. आपल्या हातावर घ्यायला लई उशीर केलासा."

तात्पर्य: संशय घ्यायचाच असेल, तर पहिला आपल्या कामावर घ्यावा. चूक उशिरा कबूल केली तरी ती सुधारते, पण मधल्या वेळात जे गेले ते परत येत नाही.