आमडोंगरीची कोमट भिंत

तिकीट फाडून आत आलात की डाव्या हाताला ही विटांची भिंत. हिच्यामागे आमडोंगरीच्या कोळसा खाणीचं तोंड आहे. तळवा लावून पाहा, कोमट लागेल. का, ते सांगतो. लेकरांची शपथ, शब्दन् शब्द खरा आहे, या डोळ्यांनी पाहिलाय. आता लेकरं मला नाहीत, आणि तेव्हा माझा बापच सहा वर्षांचा होता. पण तेवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही.

असे सांगतात की खाणीत उतरणारा प्रत्येक जण बत्तीघरातून आपली बत्ती घेई आणि वर आला की आपल्या नंबरच्या खुंटीला अडकवी. खुंटी भरली म्हणजे माणूस वर आला. दुसरी हजेरी नव्हती. सवय अशी हाडात मुरलेली की पाठीमागे धूर लागला तरी माणूस आधी बत्ती अडकवायचा, मग घराकडे पळायचा.

एका दुपारी खाली कवडूची बत्ती मिणमिणायला लागली. त्याचा जोडीदार नत्थू वर निघाला होता. कवडू म्हणाला, "एवढी ठेवून देजो, अन् येताना दुसरी आणजो." नत्थूने ती कवडूच्या खुंटीला लावली आणि दुसरी मागतो तोच धूर आला. आतला कोळसा पेटला होता. माणसं धावत वर आली. खुंट्या मोजल्या, सगळ्या भरलेल्या. असली आग पाण्याने विझत नाही, तिचा वारा तोडावा लागतो. डोमाजी गवंड्याने दिवस मावळायच्या आत तोंड विटांनी बंद केलं. त्या धांदलीत नत्थूला बोलायचं सुचलंच नाही, म्हणे.

कवडू घरी आला नाही, तशी त्याची बायको भागरता इथे आली. भिंत अजून ओली होती.

"डोमाभाऊ, एक ईट काढा. तेवढ्यातून आवाज देते."

"एक काढली तं वारा शिरन, वयनी. आग गावाखाली येईन."

"मंग माह्या माणसाचं काय?"

डोमाजीने थापी धुवायला घेतली.

तेराव्या दिवशी जावा तिचं कुंकू पुसायला आल्या. तिने त्यांना भिंतीपाशी आणलं आणि तळवा टेकवला. भिंत गरम होती. म्हणाली, "माणूस थंडा झाला की सांगा. तवा पुसीन."

कोळसा वर्षानुवर्षं जळतो, हे तिलाही ठाऊक होतंच. खाणवाल्याची बायको ती. तरी रोज सकाळी यायची, हात लावायची, कपाळ रेखायची आणि पाणी भरायला जायची. आग अडवायला बांधलेली भिंत, पण आग गावाखाली आलीच. रस्ते भेगाळले, विहिरींचं पाणी कोमट झालं, खाण बंद पडली, गाव उठलं. भागरता एकटी राहिली. सत्तावीस वर्षांनी इथेच गेली, म्हणे, कपाळावर त्या सकाळचं कुंकू.

आजही आमडोंगरीतून उठून गेलेल्या घरांतल्या बाईचा नवरा गेला की तिला आधी इथे आणतात. शेजारी 'भिंतीस हात लावू नये' अशी पाटी आहे. बायका तिच्याखालून हात घालतात. बांगड्या कधी उतरवायच्या ते ज्याचं त्याने, म्हणजे जिचं तिने, ठरवायचं. कोणी हात धरत नाही.

आता यातलं मी रचलेलं काय, तेही सांगून टाकतो, नाहीतर जेवण जात नाही. नत्थू नावाचा माणूस या खाणीत कधी नव्हता. बत्ती कोणी वर आणली नाही. खुंट्या मोजल्या तेव्हा कवडूची रिकामी होती. मोजणाऱ्यांनी पाहिली, आणि विटांना हात घालण्याआधी डोमाजीनेही पाहिली.

डोमाजी माझा आजा.