कुंपणातली ब्राह्मी

फार फार वर्षांपूर्वी एका राज्याच्या राजाला विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग ओळखीचे चेहरे. राजवैद्यांनी फर्मान काढलं, "राज्यातली सगळी ब्राह्मी राजवाड्यात!" ब्राह्मी उगवायची त्या गावोगावच्या तळ्यांना कुंपणं पडली. एकटा राजा खाऊन किती खाणार? पोत्यांत पानं सडली, पण रयतेला काडी मिळाली नाही.

भिवरा तळ्याकाठी झाडपाला विकायची. तिचा नवरा नावाडी. हल्ली तोही विसरत होता. ती त्याला दिवस मावळायच्या आत ताकभात आणि ब्राह्मीची भाजी वाढायची. तो अजून तिला ओळखत होता, आणि एवढं तरी तिला टिकवायचं होतं. कुंपण पडताच ती तडक दरबारात गेली.

"महाराज, तळं मोकळं करा."

राजवैद्य कडाडले, "अडाणी बाई! महाराजांनाच अजून गुण नाही, तुला ब्राह्मी कुठून देऊ?"

"गुण येईल कसा? महाराज, तुमच्या मुदपाकखान्याची चूल विझते कधी?"

"कधीच नाही," राजा ऐटीत म्हणाला. "केव्हाही या, पाच पक्वान्नं तयार!"

"मग राख कधी काढता? आमची चूल रोज विझते, साफ होते, म्हणून धडधडून पेटते. तुमच्या पोटाला उसंतच नाही. पोट तुंबलं की डोकं जड. वरून पोतंभर पाला ओतून काय होणार?"

"जीभ फार चालते तुझी!" राजवैद्य ओरडले.

"चालणारच. माझा माणूस हातचा चाललाय."

एवढं बोलून ती मुदपाकखान्यात शिरली आणि तिनं पेटत्या चुलीवर घागर उपडी केली. शिपायांनी तिला कोठडीत टाकलं. पण ओली चूल काही पेटेना. त्या संध्याकाळी राजाला नुसत्या ताकावर निजावं लागलं.

सकाळी तो उठला तो हलका होऊन. कितीतरी दिवसांनी डोक्यातलं धुकं जरा विरळ वाटलं. तो स्वतः कोठडीशी गेला.

"बाई, आता काय करू?"

"दिवेलागणीला चूल बंद. साधं जेवा. ब्राह्मी मूठभर पुरे, तीही तळ्यावर चालत येऊन खुडा. गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. उरलेलं सांभाळा."

राजानं ऐकलं. भिवरा सुटली, कुंपणं निघाली. गेलेली नावं परत आली नाहीत, पण उरलेली बरीच वर्षं टिकली.

एकदा तळ्यावर राजानं भिवराकडे बोट दाखवून नावाड्याला गमतीनं विचारलं, "ही कोण रे?"

"बायको माझी! जपून बोला, राजालाही सोडत नाही."

बोध: डोकं राखायचं तर आधी पोट जपावं, आणि औषध कुणा एकाच्या कोठारात कोंडू नये.