तिळावरचं डालं

सांगा पाहू मुलांनो, घरात तीन मांजरं असली, तर त्यांना ताटल्या किती मांडाव्यात?

एक म्हणालात? मग नीट ऐका.

एक होता राजा. त्याच्या राणीला उशिरा दिवस गेले होते. मांजर हे सटवाईचं वाहन, बरं का. म्हणून राणी राजवाड्यातल्या मांजरांना स्वतः जेवू घाली. म्हातारी कापशी दात नसलेली. तिला काटे काढलेला मासा आणि कुस्करलेला भात. हवालदार हा दांडगा बोका. त्याला माशाची डोकी. आणि तीळ हे आईवेगळं पिल्लू. त्याला शेळीचं कोमट दूध, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. ते पीत असताना राणी त्याच्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घाली, म्हणजे बोक्याला हिसकावता येत नसे.

मग राणी बाळंतपणासाठी माहेरी निघाली. मुदपाकखान्यातल्या चिमाक्काला म्हणाली, "अक्का, तिघं तुमच्या हवाली. तिळाला जपा."

"निर्धास्त जा, राणीसाहेब."

पालखी वेशीबाहेर गेली आणि चिमाक्काने डालं अडगळीत टाकलं. मग एकाच परातीत भाकरी आणि माशाची डोकी ठेवली.

मोलकरीण साळू म्हणाली, "अक्का, म्हातारीला चावत नाही हो."

"पंगतीत भेद केला तर पाप लागतं. देवाघरचा नियम आहे, ठाऊक नाही?"

"आणि शेळीचं दूध?"

"ते मी आटवीन. वेलची आण."

पहिल्या दिवशी कापशीने भाकरी नुसती चाटली. दुसऱ्या दिवशी हवालदाराने तिघांचं खाल्लं आणि पोट फुगून कण्हत पडला. तिसऱ्या दिवशी तिळाला उभं राहवेना. त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

त्या दुपारी दाराशी एक हिरव्या लुगड्यातली बाई आली. तिने तिळाला ओटीत घेतलं.

"बाई गं, हा जीव चालला."

चिमाक्का आटीव दुधाची वाटी हातात घेऊन म्हणाली, "परातीत आहे की! इथे पंगत सगळ्यांना सारखी."

"सारखी ना? मग तूही याच पंगतीतली. घरातला भुकेला जीव जेवेपर्यंत तुझ्याही तोंडात घास जाणार नाही."

एवढं बोलून ती दिसेनाशी झाली. सटवाईच ती, दुसरं कोण?

चिमाक्काने वाटी ओठांशी नेली. ओठ उघडेनात! बोलायला उघडत, घासाला मिटत. मग ती घाबरली, रडली. मग उठली. डालं शोधलं, ताजं दूध काढलं, कापसाच्या वातीने तिळाच्या तोंडात थेंब सोडला. तो ओघळला. दुसरा ओघळला. तिसरा मात्र तिळाने गिळला, आणि मग वातच चोखू लागला.

मग कापशीला भात कुस्करला. हवालदाराला लंघन घडवलं. तेव्हा कुठे तिचे ओठ घासाला उघडले, पण पुढे दर जेवणाला तेच: आधी मांजरं, मग ती.

राणी राजपुत्र घेऊन परतली. चिमाक्काने पाय धरले, घडलं ते सगळं सांगितलं. "राणीसाहेब, देवीला म्हणावं, सोडव."

राणी म्हणाली, "अक्का, नुसता आळस केला असतात, तर मी पदर पसरला असता. तुम्ही देवाचं नाव पुढे करून लेकरू उपाशी ठेवलंत."

तीळ वाढला, राजपुत्र वाढला, सगळे सुखात राहिले. तुम्हीही आता डोळे मिटा.

कापशी मात्र फार सावकाश जेवे. तोवर चिमाक्काचं ताट समोर गार होई. आणि कापशी गेली, तरी घरातलं एकेक मांजर म्हातारं होतच राहिलं. चिमाक्का जन्मभर गारच जेवली.